‘ॲनेक्डोट’ म्हणजे किस्सा. पण या शब्दाचा मूळ अर्थ माहितीये का?

पॉडकास्टमध्ये पाहुणा आला की फर्माईश ठरलेली, ‘एखादा ॲनेक्डोट सांगा ना!’ मग तो शूटिंगचा नाहीतर हॉस्टेलचा किस्सा सांगतो आणि सगळे हसतात. पण ज्या पुस्तकामुळे हा शब्द युरोपभर झाला, ते लिहिणाऱ्याला जिवाची भीती होती.

शब्द मूळचा ग्रीक. ‘अनेक्दोता’ म्हणजे ‘बाहेर न दिलेल्या गोष्टी’, थोडक्यात अप्रकाशित. यातला ‘देणे’ अर्थाचा ग्रीक धातू आणि आपल्या ‘दान’मधला ‘दा’ एकाच घराण्यातले. सुरुवातीचा ‘अन’ही ‘अनावश्यक’मधल्या ‘अन्’चा भाऊबंदच.

सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला सम्राट जस्टिनियनचं राज्य होतं. त्याचा सेनापती बेलिसारियस याच्या पदरी प्रोकोपियस नावाचा इतिहासकार होता. उघडपणे त्याने सम्राटाच्या युद्धांवर लिहिलं, त्याने बांधलेल्या इमारतींचं तोंडभरून कौतुक केलं. इ.स. 550च्या सुमारास मात्र त्याने आणखी एक पुस्तक गुपचूप लिहिलं. त्यात सम्राट, सम्राज्ञी थिओडोरा आणि खुद्द बेलिसारियस, सगळ्यांची लक्तरं वेशीवर टांगली. हे आधीच लिहिलं असतं तर हेरांनी पकडून हालहाल करून मारलं असतं, असं तो सुरुवातीलाच सांगतो. अर्थात त्यातलं सगळं खरं मानायचं कारण नाही. रात्री येरझारा घालताना सम्राटाचं डोकं गायब व्हायचं, असंही त्यात आहे!

दहाव्या शतकातल्या एका ग्रीक कोशात या पुस्तकाचं नाव ‘अनेक्दोता’ असं येतं. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात हस्तलिखित सापडलं आणि 1623 मध्ये ते फ्रान्समधल्या लिआँ शहरात छापलं गेलं. म्हणजे ‘अप्रकाशित’ अखेर प्रकाशित झालं, तरी थिओडोराबद्दलच्या अश्लील मजकुराला संपादकाने कात्री लावलीच.

त्यानंतर फ्रेंच आणि इंग्रजीत दरबारातल्या आतल्या गोष्टींना हा शब्द लागू झाला. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755च्या इंग्रजी कोशातही अर्थ दिलाय तो अप्रकाशित गोष्ट, गुप्त इतिहास असाच. खासगी आयुष्यातला छोटा प्रसंग हा अर्थ त्याने 1773च्या आवृत्तीत जोडला. पुढे गुपित गळून पडलं आणि किस्सा तेवढा उरला.

रशियन भाषेत तर ‘अनेक्दोत’ म्हणजे थेट विनोद. स्टालिनच्या काळात असे राजकीय अनेक्दोत सांगितले म्हणून लोकांना छळछावण्यांत पाठवलं गेलं. त्यामुळे ते कुठे छापून यायचे नाहीत, स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितले जायचे.