रूह आणि जिस्म : आपल्या पूर्वसुरींचा विचार



पनवेलच्या मोहल्ल्यात एखाद्या घरी मयत झाली की जाणती माणसे गुस्लची तयारी करतात. पाणी कोमट असावे, हात हलका असावा, सतर झाकलेला असावा, अशी ताकीद दिली जाते. अशा वेळी एखादे लहान मूल विचारते, "दादा तर गेले ना? मग पाणी गार असले तर काय बिघडले?" आपण त्याला गप्प करतो. वास्तविक हा प्रश्न गप्प करण्याजोगा नाही. रूह आणि जिस्म यांचे नाते काय, हेच ते मूल विचारीत असते. आणि याच प्रश्नावर इस्लामी जगातील थोर विद्वानांनी आयुष्ये वेचली आहेत.

कुरआन शरीफच्या सूरा बनी इस्राईलमध्ये (आयत ८५) रूह ही रबच्या हुकुमातील बाब असून माणसाला फार थोडे ज्ञान दिले आहे, असे बजावले आहे. आपल्या विद्वानांनी ही मर्यादा ओळखली. पण विचार करणे सोडले नाही.

इब्न सीना (९८०–१०३७) यांनी एक कल्पना मांडली. समजा, एक माणूस पूर्ण वाढ झालेला असा एकाएकी निर्माण झाला आणि पोकळीत तरंगू लागला. त्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, स्वतःच्या हातापायांचा स्पर्शही जाणवत नाही. तरी 'मी आहे' हे त्याला कळेलच. म्हणून रूह शरीराहून वेगळी, असे त्यांचे म्हणणे. परंतु हेच इब्न सीना जगप्रसिद्ध हकीमही होते! त्यांचा 'अल्-कानून' हा वैद्यकग्रंथ युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतके शिकविला गेला. शरीर वेगळे मानले म्हणून त्यांनी ते हलके मानले नाही.

इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'तहाफुतुल फलासिफा' या ग्रंथात तत्त्वज्ञांना जाब विचारला. रूहचे स्वतंत्र अस्तित्व केवळ तर्काने सिद्ध होत नाही, असे त्यांनी दाखविले; आणि कयामतीस शरीर पुन्हा उठणार नाही, हे मत तर त्यांनी साफ धिक्कारले. पुढे स्पेनमधील इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी त्यांना ग्रंथानेच उत्तर दिले. मतभेद तीव्र होते, पण वाद लेखणीने झाला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

गझालींचा एक दृष्टांत मात्र सर्वांनी जपावा असा आहे. रूह म्हणजे हजला निघालेला यात्रेकरू आणि शरीर म्हणजे त्याचा उंट. उंटाला चारापाणी दिले नाही तर वाट सरणार नाही. आणि दिवसभर उंटालाच सजवीत बसले तर काफिला निघून जाईल.

हा विचार दूरदेशीच राहिला असे नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावरील माहीमचे हजरत मखदूम फकीह अली माहिमी (१३७२–१४३१) यांनी कुरआन शरीफचे अरबी भाष्य लिहिले. एकोणिसाव्या शतकात ते कैरोजवळच्या बुलाक येथे छापले गेले. इब्न अरबींच्या गूढ तत्त्वज्ञानावरही त्यांनी भाष्य केले. आणि शाफई फिक्हचे एक लहान पुस्तकही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. रूहच्या गहन चर्चेसोबत वजू-नमाजचे, म्हणजे शरीराच्या शिस्तीचे, धडेही कोकणाने त्यांच्याच नावाने जपले. तिकडे सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहून जीवाच्या अंतरंगातील झुंज आपल्या मराठीत मांडली.

पालकहो, आज आपल्या घरात काय दिसते? कोणी मुलाच्या गुणांसाठी त्याची झोप हिरावतो, कोणी त्याच्या कपड्यालत्त्यावर पैसा उधळतो आणि ग्रंथ घेताना हात आखडतो. पहिला उंट उपाशी मारतो, दुसरा त्याला नुसता सजवितो. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही पैगंबर साहेबांची (स.अ.) शिकवण दोघेही विसरतात.

म्हणून त्या मुलाला गप्प करू नका. त्याला जवळ घेऊन सांगा, "बाळ, ज्या सोबत्याने दादांच्या रूहला आयुष्यभर वाहून नेले, त्याला निरोप देताना पाणी गार कसे चालेल?" आणि तो आणखी प्रश्न विचारील, तर अल्लाहचे शुक्र माना.