औषध हातीं देणारा

वैद्य आणि रोगी यांच्यामध्यें औषध घेऊन जो तिसरा मनुष्य उभा असतो, त्याच्या शिक्षणाचा इतिहास आमच्याकडे फारसा कोणीं लिहिला नाहीं. आम्हांसही त्याकडे वळण्याची बुद्धि झाली ती एका लहानशा प्रसंगामुळें. गेल्या पावसाळ्यांत नगर जिल्ह्यांतील—ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात—एका तालुक्याच्या गांवीं औषधांच्या दुकानांत आम्ही उभे होतों. दम्यानें बेजार झालेल्या एका आजीबाईंनीं डॉक्टरांची चिठ्ठी पुढें केली. औषधनिर्माणशास्त्राची चार वर्षांची पदवी घेतलेल्या तरुणानें पंप काढून दिला आणि "आजी, सकाळ-संध्याकाळ दोनदां ओढायचा," एवढें सांगितलें. आजीबाईंनीं तेथेंच तो तोंडाला लावून दाबला; औषध सगळें गालांत राहिलें आणि त्यांना ठसका लागला. मुलगा ओशाळला. पुढें तो आमच्याजवळ मोकळेपणानें म्हणाला कीं, औषधाचे कण किती सूक्ष्म असले म्हणजे फुप्फुसांत पोचतात हें त्याला परीक्षेंत विचारलें होतें. पण पंप दाबणें आणि श्वास आंत घेणें यांचा मेळ म्हाताऱ्या माणसाला कसा शिकवावा, हें कोणीं कधीं करून दाखविलें नव्हतें.

त्या मुलास दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. त्याचें शिक्षण असें कां घडलें, एवढेंच पाहावयाचें आहे.

आमच्या जुन्या शास्त्रांत या तिसऱ्या मनुष्याला जागाच नव्हती. चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले, ते भिषक्, द्रव्य, परिचारक आणि रोगी. मुळी ओळखणारा, त्या कुटणारा आणि नाडी पाहणारा वैद्य एकच. युरोपांत तेराव्या शतकांत सम्राट् दुसरा फ्रेडरिक यानें वैद्य आणि औषधविक्रेता यांचे धंदे कायद्यानें निराळे केले. आमच्याकडे ही फारकत इंग्रजी दवाखान्यांबरोबर आली. नगरास १९१७ सालीं गंगाधरशास्त्री गुणे यांनीं आयुर्वेद महाविद्यालय काढलें, तें या जुन्या एकोप्यालाच शाळेची शिस्त लावण्याचा यत्न होय, असें आम्हांस वाटतें. त्यांचें 'आयुर्वेदीय औषधीगुणधर्मशास्त्र' चाळलें तर औषधाच्या गुणापाठोपाठ रोग्याची अवस्था येते. एक सोडून दुसऱ्याचा विचार होत नाहीं.

इंग्रजी दवाखान्यांत मात्र कंपाउंडर आला. त्याची शाळा म्हणजे दवाखान्याची मागची खोली. आधीं बाटल्या धुवावयाच्या, मग काटा धरावयाचा, मग खलांत घोटून पुड्या बांधावयाच्या, आणि वर्षा-दोन वर्षांनीं मिक्श्चरला हात लावावयाचा. रोगी घरून रिकामी बाटली आणीत. तींत औषध ओतून, कात्रीनें खांचा पाडलेली कागदाची पट्टी खळीनें चिकटवून, एका खांचेएवढा डोस असें तो बोटानें दाखवी. अक्षरशत्रु मनुष्यालाही ती पट्टी वाचतां येई. कोणाची सून बाळंत झाली, कोणाला कडू औषध ठरत नाहीं, हें त्याला ठाऊक असे. परंतु या माणसाचे गोडवे गातांना एक गोष्ट विसरतां कामा नये: आपण काय मिसळतों आणि कां, हें त्याला बहुधा कळत नसे, आणि चूक झाली तर ती त्याच्या कधीं लक्षांतही येत नसे. वडिलांचे हात त्याच्या हातीं आले, पण डोळे आले नाहींत.

डोळे देण्याची खटपट दुसऱ्याच कारणानें सुरू झाली. बाजारांतील औषधांत भेसळ फार माजली होती. १९२७ सालीं हारून जाफर यांनीं कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें हा प्रश्न काढला, आणि १९३० सालीं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमली गेली. तिच्या अहवालाच्या पाठोपाठ, १९३२ सालीं, महादेवलाल श्रॉफ यांनीं काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत औषध-रसायनाचें शिक्षण सुरू केलें. १९३७ पासून तेथें पदवीही मिळूं लागली. ज्या देशांत परदेशी औषधांवर भिस्त आणि देशी औषधांवर अविश्वास, त्या देशाला पहिल्यानें रसायनज्ञ आणि कारखानदार हवे होते. तेव्हां प्रयोगशाळा हीच या विद्येची जन्मभूमि ठरली. तें त्या काळीं योग्यच झालें. पण पदवीच्या अंगावर ती जन्मखूण कायमची राहिली.

१९४८ च्या कायद्यानें नोंदणीची पद्धति आणली. पांच वर्षें औषधें मिसळण्याचें काम केलेल्या जुन्या कंपाउंडरासही पहिल्या नोंदवहींत जागा मिळाली. पुढच्या पिढीला मात्र शिक्षणाची अट पडली. आणि मौज अशी कीं, औषधें मिसळण्याचें शास्त्रशुद्ध शिक्षण गांवोगांव पोचेपर्यंत मिसळण्याचें कामच सरलें. गोळ्या कारखान्यांतून पाकिटांत बंद होऊन येऊं लागल्या. खल कोपऱ्यांत गेला. दुकानदाराच्या हातीं फक्त बोलणें उरलें.

आमच्या जिल्ह्यांत हीं महाविद्यालयें साखरेच्या मागोमाग आलीं. लोणीस प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० सालीं सुरू झाला. १९८३ नंतर विनाअनुदान शिक्षणाचें दार उघडलें, आणि लोणी, संगमनेर, कोपरगांव अशा कारखान्यांच्या गांवीं औषधनिर्माणशास्त्राच्या इमारती उभ्या राहिल्या. उंसाच्या शेतकऱ्याची मुलगी पांढरा डगला घालून प्रयोगशाळेंत उभी राहते, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाहीं.

परंतु नियमांचे आंकडे पाहिले म्हणजे मन बुचकळ्यांत पडतें. दोन वर्षांच्या पदविकेसाठीं १९९१ च्या नियमांनीं ५०० तासांचें प्रत्यक्ष काम आवश्यक केलें, आणि त्यांतले निदान २५० तास चिठ्ठ्यांवरून औषधें देण्यांत गेलेच पाहिजेत असें सांगितलें. उलट चार वर्षांच्या पदवीचा जो अभ्यासक्रम २०१७ पासून चालूं झाला, त्यांत बाहेरच्या अनुभवाचे १५० तास. तेही कारखान्यांत, रुग्णालयांत किंवा दुकानांत कोठेंही, आणि तेही 'इष्ट' म्हणून. सातव्या सत्रांत व्यवसायाभ्यासाचे तास आहेत, पण त्यांचें क्षेत्र निवडीचें. दोघांची नोंद शेवटीं एकाच वहींत होते आणि दोघांनाही तोच गल्ला मिळतो! म्हणजे अधिक शिकलेल्या मनुष्याला रोग्यासमोर कमी वेळ उभें राहून परवाना मिळतो. २००८ सालीं निघालेली सहा वर्षांची फार्म-डी ही पदवी विद्यार्थ्याला रुग्णालयांत नेते खरी, पण तालुक्याच्या दुकानांत ती घेतलेला मनुष्य आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. आणि जेथें भिंतीवर एकाचें प्रमाणपत्र टांगलेलें असून गल्ल्यावर दुसराच बसतो, तेथें हा वाद करण्याचेंही कारण उरत नाहीं.

अशा वेळीं याच जिल्ह्यांतलें जामखेड आठवतें. तेथें १९७० सालीं डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनीं काम आरंभिलें. गांवांनीं निवडलेल्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तींतल्या, आठवड्याला जामखेडीं शिकावयास येत आणि उरलेले दिवस आपल्या गांवांत काम करीत. जुलाबांनीं सुकलेल्या मुलाला मीठ-साखरेचें पाणी कसें पाजावें हें त्या आयांना शिकवीत. अडलें तें पुढच्या फेरीला विचारीत. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. दुकानांतील शेंकडों औषधांचें ज्ञान या रीतीनें येणार नाहीं, हें आम्हांस कबूल आहे. त्याला पुस्तक आणि प्रयोगशाळा लागतेच. पण शिकलेलें रोग्यापाशीं नेऊन पुन्हां गुरूपाशीं आणणें, ही येरझार पदवीच्या वर्गांत आम्हांस कोठें दिसत नाहीं.

परवां त्याच दुकानावरून जाण्याचा योग आला. मुलानें गल्ल्यावर एक संपलेला पंप ठेवला होता, आणि एका गृहस्थांना तो आधीं सगळा श्वास बाहेर सोडावयास सांगत होता. हें कोठें शिकलास, म्हणून आम्हीं विचारलें. पाहुण्यांकडे आलेल्या एका परिचारिकेकडून, असें तो म्हणाला.