मारितचा शोध : नॉर्वेतल्या नोंदवह्या आणि एक हरवलेली पणजी

माझी एक जुनी विद्यार्थिनी नोकरीनिमित्त नॉर्वेत असते. दोनेक वर्षांपूर्वी रमजानच्या दिवसांत तिचा मेसेज आला. सोबत एका जुन्या वहीच्या पानाचा फोटो. ‘सर, तुम्ही आम्हाला जुने कबाले वाचून दाखवायचात. हे पान वाचता येतंय का बघा ना. माझ्या घरमालकीण आजींना त्यांची पणजी सापडत नाहीये.’

मला नॉर्वेजियन येत नाही. पानावरची लिपी तर खुद्द आजींनाही येत नव्हती. ती होती जुनी गॉथिक वळणाची लिखावट. आपल्याकडे मराठी बोलणाऱ्याला मोडी वाचता येत नाही आणि उर्दू शिकलेला शिकस्त खतापुढे अडखळतो, तशीच आजच्या नॉर्वेच्या माणसाची या लिपीपुढे गत होते. पण जुनी लिखावट वाचायची रीत सगळीकडे एकच असते. आधी ओळखीचे शब्द शोधायचे. महिन्यांची नावं, पेदर, ओले, आन्ना अशी पुन्हा पुन्हा येणारी माणसांची नावं. त्यांतून त्या पाद्र्याचं ‘ए’ कसं, ‘एन’ कसं याचा तक्ता करायचा आणि त्या तक्त्याच्या आधारे अनोळखी शब्द सोडवायचे. मी तक्ता करून पाठवला. भाषेचं काम आजी आणि माझी विद्यार्थिनी बघत होत्या. असा मी या शोधात सामील झालो. आजींच्या परवानगीने हे लिहितोय. गावाचं नाव टाळलं आहे आणि पणजीचं नाव बदललं आहे. तिला आपण मारित म्हणू.

आधी या नोंदवह्यांविषयी. नॉर्वेत जन्ममृत्यूची नोंद शतकानुशतकं चर्चचा पाद्रीच ठेवत आला. बाप्तिस्मा, लग्न, दफन हे सगळं त्याच्या वहीत. १७३६ पासून प्रत्येक मुलामुलीला धर्मशिक्षण घेऊन कन्फर्मेशनचा विधी करणं सक्तीचं झालं, त्याचीही नोंद आली. १८१० च्या कायद्याने देवीची लस टोचल्याशिवाय कन्फर्मेशन नाही आणि लग्नही नाही, असा नियम झाला. त्यामुळे धर्माच्या वहीत लशीची तारीखही सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वह्या छापील रकान्यांच्या झाल्या. पाद्र्याच्या वहीची दुसरी प्रत चर्चचा कारकून, म्हणजे क्लोकर, लिहू लागला. या दोन प्रती एका छताखाली ठेवायच्या नाहीत असा दंडक होता. लाकडी घरांचा देश; आग लागली तर एक तरी वही वाचावी.

दुसरा आधार जनगणनेचा. १८०१ साली देशातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्यानंतर नावानिशी देशभर गणना झाली ती १८६५ मध्ये, मग १८७५, १८९१, १९०० आणि १९१० मध्ये. नॉर्वेत जनगणनेचे कागद शंभर वर्षं गुप्त राहतात, म्हणून १९२० ची गणना १ डिसेंबर २०२० ला खुली झाली. हे सगळं सरकारी डिजिटल दप्तरखान्यात कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतं.

मग एवढं सगळं असताना पणजी सापडत का नव्हती?

पहिली अडचण नावाची. जुन्या नॉर्वेत खेड्यापाड्यांत आजच्यासारखं कायमचं आडनाव नव्हतं. पेदरचा मुलगा पेदर्सेन, पेदरची मुलगी पेदर्सदात्तर. आपल्या मधल्या नावासारखंच. त्यापुढे राहत्या शेतवाडीचं नाव लागे. आपल्या कोकणी मुस्लिमांत गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव होतं, त्यासारखं. फरक इतकाच, की आपला माणूस मुंबईला गेला तरी आडनाव गावचंच राहतं. तिकडे शेत बदललं की नावाचा शेवट बदलायचा. ज्याची स्वतःची जमीन नाही, जो दुसऱ्याच्या शेतावर झोपडी बांधून मजुरीच्या बदल्यात राहतो, त्या हुसमानची तर आयुष्यात तीनचारदा नावं बदलायची. सर्वांनी एक पिढीजात आडनाव घ्यावं हा कायदा आला तो १९२३ मध्ये. प्रसिद्ध लेखक क्नुट हामसुन जन्माने क्नुड पेदर्सेन. हामारॉय इथल्या हामसुंड या शेतवाडीवरून त्यांनी नाव घेतलं आणि पुढे एका लेखाच्या छपाईत शेवटचा ‘ड’ गळाला, तो त्यांनी तसाच राहू दिला. नोबेल मिळवणाऱ्या माणसाची ही कथा, तर मासे सुकवणाऱ्या बाईचं काय?

दुसरी अडचण वयाची. १८६५ च्या गणनेत पूर्ण झालेलं वय नाही, चालू वर्ष धरून वय लिहायचं होतं. दहा पूर्ण झालेल्या मुलीपुढे ११ लिहिलेलं असतं. हे माहीत नसेल तर शोध एक वर्ष मागे भरकटतो.

आजींच्या हाती होती १९०० ची गणना. त्यात उत्तरेकडच्या त्रोम्स भागात, एका फ्योर्डच्या काठी, पणजोबांच्या घरात ‘मारिए’ नावाची बायको होती. जन्मगाव शेजारचं पॅरिश. त्या पॅरिशच्या वहीत त्या वर्षी मारिए पेदर्सदात्तर नावाची एकही मुलगी जन्मलेली नाही. आजी तिथेच अडकल्या होत्या.

मी शाळेत मुलांना सांगतो तेच सांगितलं. पुढून मागे चला, एक पायरी गाळू नका. १९१० च्या गणनेत जन्माचं नुसतं वर्ष नाही, पूर्ण तारीख विचारली होती. ती तारीख घेतली. मग लग्नाची नोंद शोधली, कारण तिथे वधूच्या बापाचं नाव असतं. लग्नाच्या वहीत पणजोबा सापडले आणि त्यांच्या शेजारी वधू होती मारित. मारिए नव्हे. बाप पेदर, राहण्याचं ठिकाण वेगळंच. त्या ठिकाणावरून कन्फर्मेशनची नोंद मिळाली. जन्मतारीख तीच, आईबापांची नावं, लस टोचल्याची तारीखही. तिथून बाप्तिस्म्याचं पान. आणि मग १८६५ ची गणना. मुलगी, वय ११.

त्या घराच्या नोंदीपुढे एका रकान्यात शब्द होता : फिन.

माझ्या विद्यार्थिनीला वाटलं, हे फिनलंडहून आलेले लोक. मलाही तसंच वाटलं असतं. आजी मात्र बराच वेळ बोलल्या नाहीत. नॉर्वेच्या जुन्या कागदांत ‘फिन’ म्हणजे सामी. रेनडिअर पाळणारे, समुद्रकाठी मासेमारी करणारे त्या भूमीचे मूळ रहिवासी. फिनलंडकडून आलेल्यांना ‘क्वेन’ म्हणत. १८४५ पासून १९३० पर्यंतच्या जनगणनांत उत्तरेकडच्या लोकांची अशी वेगळी मोजणी होत असे. १९०० च्या कागदावर तो रकाना आजींनी आधी पाहिलाच नव्हता. पुन्हा उघडून पाहिला. मारिएच्या नावापुढे नॉर्वेजियन असल्याची खूण होती.

एकच बाई. अकराव्या वर्षी सामी, पंचेचाळिशीत नॉर्वेजियन. मारितची मारिए झाली, ती त्याच वाटेवर.

ही वाट कुणी आखली? १८५१ मध्ये नॉर्वेच्या संसदेने एक निधी सुरू केला. सामी आणि क्वेन वस्त्यांत नॉर्वेजियन भाषा रुजवून दाखवणाऱ्या शिक्षकांना त्यातून जादा पैसे मिळत. १८८० मध्ये शिक्षकांसाठी सूचना निघाली : प्रत्येक मुलाला नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता आलंच पाहिजे. १८९८ मध्ये शाळेतली मातृभाषेची जागा आणखी आवळली गेली. १९०२ च्या नियमांनी फिनमार्कमध्ये सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता, लिहिता, वाचता येण्याची अट घातली. मग घरोघर आईबापांनी मुलांशी आपली भाषा बोलणं सोडलं. जनगणनेचा माणूस दारात आल्यावर मारितने स्वतः ‘नॉर्वेजियन’ म्हटलं, की त्यानेच ठरवून टाकलं, कोण जाणे. कागदावर फक्त खूण आहे.

हे वाचताना मला सर्वांत जास्त टोचलं ते शिक्षक. कारण ते काम वर्गात झालं, माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातून, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपण मुलांचं भलंच करतोय असं वाटत असणार.

नॉर्वेने याचा हिशेब उशिरा का होईना मांडला. संसदेने नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगाचा अहवाल १ जून २०२३ ला आला आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला संसदेने सामी, क्वेन आणि फॉरेस्ट फिन लोकांची माफी मागितली. १९८९ पासून सामींची स्वतःची संसद आहे. तिच्या मतदारयादीत नाव घालायचं तर स्वतःला सामी मानणं लागतं आणि स्वतःची, आईबापांपैकी, आजीआजोबांपैकी किंवा पणजीपणजोबांपैकी एकाची तरी घरची भाषा सामी असावी लागते. पणजीपर्यंत! त्या वर्षापासून आपण वाचत होतो ती वही म्हणजे नुसता इतिहास नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

माझ्या विद्यार्थिनीने आजींना विचारलं, नाव घालणार का? त्या म्हणाल्या, अजून ठरवलं नाही. मग म्हणाल्या, लहानपणी आजी चुलीपाशी बसून एकटीच काहीतरी पुटपुटायची. आम्ही खोलीत आलो की गप्प व्हायची. आम्हाला वाटायचं, प्रार्थना करतेय.

आपल्याकडे शजरा म्हटलं की लोक वर, मोठ्या नावांकडे बघतात. कुणाला अरबस्तानातून आलेला पूर्वज हवा असतो, कुणाला सरदार. वहीत सापडतो तो मजूर, कोळी, दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारा माणूस. आणि बहुतेकदा सापडत नाही ती बाई. माझ्याच घरात आजोबांपर्यंतची पाच नावं मला तोंडपाठ आहेत. आजीच्या आईचं नाव विचारलं तर मला सांगता येत नाही.

आणि कागदाची किंमत आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. कुठलाही दाखला काढायची वेळ आली, की शेखचं शैख, महंमदचं मोहम्मद, ‘बी’चं ‘बेगम’ झालेलं घराघरांत बाहेर येतं. माझ्या वालिदांची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जूनच. नाव घालायला आले त्या दिवशी मास्तरांनी जी सोयीची वाटली ती लिहिली. मीही निर्दोष नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी जनरल रजिस्टरमध्ये एका मुलीच्या आईचं नाव न विचारता अंदाजाने लिहिलं. बारा वर्षांनी ती मुलगी शपथपत्र घेऊन दारात उभी राहिली. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

या जूनमध्ये पहिलीचे प्रवेश झाले. प्रत्येक आईला मी नाव विचारलं, घरी कशी हाक मारतात ते विचारलं, आणि लिहून झाल्यावर वही तिच्याकडे फिरवून वाचून दाखवलं. एका बाईंनी हसून विचारलं, ‘सर, एवढं कशाला?’

मी मारितची गोष्ट सांगत बसलो नाही. म्हटलं, ‘कधीतरी तुमची पणती शोधत येईल.’