रंगमहालातली सुट्टी

"दर महिन्याला एक नवीन गोष्ट करायची. अट एकच, ती आपल्या दोघांपैकी कुणीही आधी केलेली नसावी." हा ठराव आमच्या घरी बायकोने मांडला आणि एक विरुद्ध शून्य मतांनी तो पास झाला. विरोधी पक्ष तेव्हा लॅपटॉपवर बग शोधत होता.

लग्नाला चार वर्षं झाली. तिचा प्रोजेक्ट दिवसा चालतो, माझे कॉल रात्री. सुट्टी म्हणजे तिचं माहेर, माझं घर, कुणाचं तरी लग्न, नाहीतर राहून गेलेलं देवदर्शन. केवळ मजा म्हणून दोघंच कुठे गेलो होतो, हे आठवायला बराच वेळ लागला. मग जानेवारीत तिच्या पसंतीने कुंभाराच्या चाकावर बसलो (माझ्या वाडग्याला आता घरात कुणीही वाडगा म्हणत नाही). फेब्रुवारीत पाळी माझी. मी म्हटलं, सिंदखेड राजा.

"इतिहास? शाळेत सनावळ्यांनी जीव घेतलाय माझा," ती म्हणाली. पण नियम म्हणजे नियम. मीही सिंदखेड राजाबद्दल नुसतं वाचलेलंच होतं. शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो. नगर, संभाजीनगर, जालना करत सव्वातीनशे किलोमीटर. जालना सोडलं की तासाभरात बुलढाणा जिल्हा लागतो आणि रस्त्याला लागूनच लखुजी जाधवरावांच्या वाड्याचा दरवाजा उभा राहतो. १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा मात्र आम्ही दोघं, एक शाळेची सहल आणि नातवाला घेऊन सावलीत बसलेली एक आजी, एवढेच.

वाड्यात एक जागा दाखवतात, रंगमहाल. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, तरी थोडक्यात सांगतो. शिमग्याचा सण. लखुजीरावांच्या घरी सरदार मंडळी जमलेली. वेरूळचे मालोजीराजे भोसले आपल्या मुलाला, शहाजीला, घेऊन आलेले. लखुजींची लेक जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उधळायला लागले. लखुजी कौतुकाने म्हणाले, काय छान जोडा शोभतो! हे ऐकताच मालोजी उठले आणि भरल्या बैठकीला साक्षी ठेवून म्हणाले, ऐकलंत ना सगळ्यांनी, आजपासून आपण व्याही झालो! लखुजींच्या पत्नीला हे अजिबात पसंत पडलं नाही. दुसऱ्या दिवशी लखुजींनी जेवायला बोलावलं, तर मालोजी म्हणाले, आधी सोयरीक कबूल करा. पुढे मालोजींचं दैव उघडलं, निजामशाहीत मान वाढला आणि हे लग्न लागलं. साल साधारण १६०५ सांगतात.

आता, सॉफ्टवेअरवाल्याला समोर डेटा दिसला की तो तपासल्याशिवाय राहवत नाही. ही गोष्ट इंग्रजीत नेली ग्रँट डफने. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा, म्हणजे प्रसंगानंतर सव्वादोनशे वर्षांनी लिहिलेला. प्रसंगाचं साल तो १५९९ देतो, शहाजी पाच वर्षांचा आणि जिजाऊ तीन-चार वर्षांची असं सांगतो. पण जिजाऊंचा जन्म आपण १२ जानेवारी १५९८ चा मानतो. म्हणजे १५९९ च्या शिमग्याला जिजाऊ जेमतेम सव्वा वर्षाच्या! सव्वा वर्षाचं मूल रंग उधळत नाही, रंग खातं. :) शहाजीराजांच्या जन्मसालावर तर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. शिवाजी महाराजांच्या काळातच कवींद्र परमानंदाने संस्कृतात 'शिवभारत' लिहिलं. त्यात या लग्नाचा उल्लेख आहे, पण रंगपंचमी नाही. जाधवरावांनी चांगलं स्थळ बघून मुलगी दिली, इतकंच. रंगाची गोष्ट येते ती नंतरच्या बखरींतून आणि लोकांच्या तोंडून.

हे सगळं मी रंगमहालात उभा राहून बायकोला समजावून सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गोष्ट खोटी. बरं. पण मग लोकांनी ती का रचली?"

च्यायला, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. खरं की खोटं, एवढंच बघून मी फाईल बंद केली होती.

मी काही उत्तर द्यायच्या आत सावलीतली आजी बोलली. आमचं बोलणं ती केव्हापासून ऐकत होती देव जाणे. "खेळले असतीन ना बाप्पा. लहान लेकरं होते. नंतर कुठं भेटलं तिले खेळाले?"

त्या वाक्यानंतर मी आमच्या सनावळ्या पुन्हा मांडून बघितल्या. पण यावेळी एका जोडप्याच्या म्हणून.

लग्न १६०५ च्या सुमारास. पुढे निजामशाहीच्या दरबारातून परतताना खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरतो. त्याला आवरण्यावरून मारामारी होते आणि तिला जाधव विरुद्ध भोसले असं रूप येतं. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी पडतो, शहाजींचा चुलतभाऊ संभाजी पडतो. शहाजीराजे जखमी होतात ते खुद्द सासऱ्याच्या हातून. ज्या दोन घरांनी म्हणे एकमेकांवर रंग उडवला, त्यांनी एकमेकांवर तलवार चालवली. मग लखुजी मोगलांकडे जातात, परत निजामशाहीत येतात. २५ जुलै १६२९ ला देवगिरीच्या दरबारात त्यांची दोन मुलं आणि एका नातवासह हत्या होते. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म. महिने मोजा. माहेर असं एका दिवसात संपलं तेव्हा जिजाऊंना नुकतेच दिवस गेलेले होते.

१६३६ मध्ये निजामशाही बुडाली. शहाजीराजे आदिलशाहीत गेले, कर्नाटकात त्यांनी बंगळूरला बस्तान बसवलं. जिजाऊ पुण्यात. मधली बंगळूरची थोडी वर्षं सोडली तर इथून पुढे दोघांचे संसार दोन ठिकाणी. बंगळूरच्या दरबाराचं वर्णन जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू'त केलंय. कितीतरी भाषांमधले कवी, समस्यापूर्ती, संगीत! म्हणजे शहाजीराजांना फुरसत होती, रसिकताही होती. फक्त त्या बैठका भरत होत्या तेव्हा जिजाऊ शेकडो मैल लांब, उजाड झालेलं पुणं पुन्हा वसवत होत्या.

२३ जानेवारी १६६४ ला होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. जिजाऊ सती जायला निघाल्या. महाराजांनी परोपरीने विनवून त्यांना थांबवलं. १७ जून १६७४ ला, राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, पाचाडला त्यांनी देह ठेवला.

आता या सत्तर वर्षांच्या यादीत दोघांनी मिळून मजा केली असा एक दिवस शोधा. कागदपत्रांत सापडत नाही. त्यात नवल नाही, कारण कागद लढाया, वतनं आणि तहांचे असतात. नवरा-बायको संध्याकाळी गच्चीवर बसून हसले, याची सनद कुणी लिहून ठेवत नाही. पण लोकांना तो दिवस हवा होता. म्हणून मला वाटतं (हे माझं मत, पुरावा मागू नका), लोकांनी त्यांना एक सुट्टीचा दिवस दिला. तोही कधी? तर लढाया सुरू व्हायच्या आधी, लहानपणी, शिमग्याच्या दिवशी. आणि गंमत बघा, त्या दिवसातही मोठ्यांनी आपली सोयरीक घुसडलीच.

हे काही फक्त राजघराण्यांचं नाही. आमच्या आजीने आजोबांबरोबर केलेला एकच प्रवास ती सांगायची, शेगावचा. जोडीने जायचं तर देवाचं निमित्त हवंच. पण त्या प्रवासाची गोष्ट सांगताना ती गजानन महाराजांच्या दर्शनावर दोन वाक्यं बोलायची आणि स्टेशनवर आजोबांनी आणून दिलेल्या कचोरीवर दहा. लहानपणी आम्ही हसायचो. आता कळतं की दर्शन सगळ्या घरासाठी होतं, कचोरी तेवढी त्या दोघांची होती.

असो. वाड्यातून निघालो. लखुजींची दगडी समाधी पाहिली, मूर्तींनी भरलेली पुतळा बारव पाहिली, मग मोती तलावाच्या बांधावर जाऊन बसलो. बांध कसला, किल्ल्याची तटबंदीच वाटते. पाणी अडवायचं आणि वर माणसांना बसायला जागाही ठेवायची, हे त्या काळी कुणाला तरी सुचलं होतं. दुसऱ्या दिवशी लोणारला गेलो. उल्का पडून झालेल्या त्या पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या खड्ड्याच्या काठाने चाललो आणि दोघंही आयुष्यात पहिल्यांदा दुर्बिणीतून पक्षी बघत बसलो. लोणारवर वेगळा लेख लिहीन, तो विषय एका परिच्छेदात मावणारा नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. पुढच्या महिन्यापासून बायको वर्षभरासाठी ऑनसाईट जातेय. तो ठराव तिने नेमका आत्ताच का मांडला, हे मला मोती तलावाच्या बांधावर कळलं. हजारो लाईनींचा कोड वाचून बग शोधणाऱ्या माणसाला घरातली ही एक लाईन दोन महिने दिसली नव्हती.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "सनावळ्या इतक्या वाईट नसतात रे. फक्त त्यात माणसं दिसायला हवीत."

मार्चची पाळी तिची आहे. काय ते अजून सांगत नाहीये. रंगपंचमीच्या दिवशी कॉल लावू नकोस, एवढंच बजावलंय.