घरगुती संगणकाचे ओव्हरक्लॉकिंग

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे संगणकाचा प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड उत्पादकाने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालवणे होय. कमी किमतीच्या भागाकडून महागड्या भागाइतके काम करून घेणे हा या पद्धतीचा मूळ हेतू आहे. वेगाबरोबर विजेचा वापर आणि उष्णताही वाढत असल्याने पहिल्या जुळणीसाठी भाग निवडताना प्रोसेसरइतकाच मदरबोर्ड, शीतक, एसएमपीएस आणि स्थानिक हवामान यांचा विचार करावा लागतो. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यासारख्या उष्ण व अवर्षणप्रवण भागात हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो.

तत्त्व

प्रोसेसरची वारंवारता ही मूळ घड्याळाची वारंवारता (बेस क्लॉक) आणि गुणक यांच्या गुणाकाराइतकी असते. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ४२ असल्यास प्रोसेसर ४.२ गिगाहर्ट्झवर चालतो. यांपैकी कोणतीही एक संख्या वाढवली की वेग वाढतो. एका मर्यादेपुढे स्थिरता राखण्यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते.

प्रोसेसरचा वीजवापर स्थूलमानाने वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे दोन्ही १० टक्क्यांनी वाढवल्यास वेग १० टक्के, परंतु वीजवापर सुमारे ३३ टक्के वाढतो. ही सर्व वाढ उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

इतिहास

इंटेलने १९९८ मध्ये बाजारात आणलेला सेलेरॉन ३००ए हा स्वस्त ओव्हरक्लॉकिंगचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचा गुणक ४.५ वर कायम केलेला होता. मात्र सिस्टिम बसची वारंवारता ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली असता ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर अनेकदा ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे. २००० च्या सुमारास एएमडीच्या अ‍ॅथलॉन व ड्युरॉन प्रोसेसरवरील तुटलेले जोड पेन्सिलीच्या शिशाने जोडून गुणक खुला करण्याची युक्ती प्रचलित होती.

२०११ मधील इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत मूळ घड्याळ इतर बसशी जोडले गेल्याने ते फारसे वाढवता येईनासे झाले. तेव्हापासून इंटेलच्या बाबतीत ओव्हरक्लॉकिंग मुख्यतः खुल्या गुणकाच्या 'के' प्रोसेसरपुरते उरले. पेन्टियम नाममुद्रेच्या २० वर्षांनिमित्त २०१४ मध्ये आलेला जी३२५८ हा खुल्या गुणकाचा स्वस्त अपवाद होता. एएमडीने २०१७ मध्ये रायझन मालिका खुल्या गुणकासह आणली आणि मध्यम किमतीच्या मदरबोर्डवरही ओव्हरक्लॉकिंग शक्य झाले.

भागांची निवड

प्रोसेसर व मदरबोर्ड: या दोहोंची निवड एकत्रित करावी लागते. इंटेलमध्ये गुणक वाढवण्यासाठी 'के' प्रोसेसर आणि 'झेड' चिपसेटचा मदरबोर्ड असे दोन्ही लागतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर बी३५०, बी४५० व बी५५० या चिपसेटवर ही सोय आहे. ए३२० व ए५२० या स्वस्त चिपसेटवर नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर मात्र कुलूपबंद आहे. मदरबोर्डवर व्होल्टेज नियमनाचा परिपथ (व्हीआरएम) सक्षम असणे व त्यावर हीटसिंक असणे आवश्यक मानले जाते.

शीतक: स्कायलेक पिढीपासून (२०१५) इंटेलच्या 'के' प्रोसेसरसोबत साधारणपणे शीतक दिला जात नाही. एएमडीच्या काही प्रोसेसरसोबत मिळणारा छोटा शीतक मूळ वेगासाठी पुरेसा असला तरी ओव्हरक्लॉकिंगसाठी अपुरा पडतो. कमी खर्चाच्या जुळणीत उष्णतावाहक नळ्या (हीट पाइप) व १२० मिलिमीटरचा पंखा असलेला उभा हवा-शीतक सोयीचा ठरतो. त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते किंवा नाही, हे आधी पाहावे लागते.

एसएमपीएस: स्वस्त जुळणीत सर्वाधिक काटकसर याच भागावर केली जाते आणि नुकसानही येथूनच संभवते. निकृष्ट एसएमपीएस बिघडल्यास मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्डही निकामी होऊ शकते. '८० प्लस' हे प्रमाणन कार्यक्षमता दर्शवते. संरक्षण-परिपथांची हमी त्यातून मिळत नाही. वेष्टनावरील एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्ट वाहिनीची क्षमता अधिक महत्त्वाची असते.

रॅम: एक्सएमपी किंवा एक्स्पो हे तयार संच बायोसमधून सुरू केल्यास रॅम तिच्या जाहीर वेगावर चालते. तांत्रिकदृष्ट्या हेही ओव्हरक्लॉकिंगच असून पहिल्या प्रयोगासाठी ते तुलनेने सोपे आहे. एका मोठ्या पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या बसवल्यास दुहेरी वाहिनीचा लाभ मिळतो.

हवामान व वीजपुरवठा

सांगोला हे मिरज–कुर्डुवाडी लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यातील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस ओलांडते. हवा-शीतक प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पूर्ण भाराखाली प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ७० अंशांवर, तर ४० अंशांच्या खोलीत ८५ अंशांवर पोहोचतो. यामुळे डिसेंबरात स्थिर वाटलेली जुळणी एप्रिल–मे महिन्यांत वेग आपोआप कमी करते किंवा बंद पडते. पत्र्याच्या छताखालील खोलीत ही अडचण अधिक तीव्र होते.

कोरड्या हवेतील धूळ हीटसिंकच्या पात्यांत साचून शीतकाची क्षमता घटवते. त्यामुळे धूळ-जाळी व समोरून हवा घेण्याची सोय असलेले कॅबिनेट उपयुक्त ठरते. पाण्याच्या कूलरने खोलीचे तापमान उतरते. मात्र त्याचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर येणे हानिकारक असते.

वीज अचानक खंडित झाल्यास साठवणीतील माहिती खराब होऊ शकते, म्हणून यूपीएस वापरला जातो. ६०० व्हीए क्षमतेचा घरगुती यूपीएस सामान्यतः ३६० वॅटच्या आसपास भार पेलतो. ओव्हरक्लॉकिंगनंतरचा वीजवापर या मर्यादेत राहणे आवश्यक असते. योग्य अर्थिंग ही त्याआधीची गरज आहे.

खरेदी

मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) ही संगणकाच्या सुट्या भागांची राज्यातील प्रसिद्ध बाजारपेठ आहे. लहान गावांतील ग्राहक स्थानिक विक्रेते व ऑनलाइन खरेदी यांवरही अवलंबून असतात. सदोष भाग सेवा केंद्राकडे पाठवण्याचा खर्च व कालावधी किमतीत धरावा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे खाणकाम थांबल्यानंतर त्यासाठी वापरलेली ग्राफिक्स कार्डे जुन्या बाजारात आली; अशा कार्डांचे पंखे व थर्मल पेस्ट तपासून घेणे इष्ट असते.

चाचणी

गुणक एकेका पायरीने वाढवून प्रत्येक वेळी स्थिरता तपासली जाते. प्राइम९५ व सिनेबेंच ही साधने प्रोसेसरसाठी, तर मेमटेस्ट८६ हे रॅमसाठी वापरतात. संगणक सुरूच न झाल्यास 'क्लिअर सीमॉस'द्वारे मूळ मांडणी परत आणता येते. एकाच नमुन्याचे दोन प्रोसेसर सारखा वेग गाठतीलच असे नाही.

मर्यादा

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान सामान्यतः प्रोसेसरच्या हमीत येत नाही. आधुनिक प्रोसेसर टर्बो पद्धतीने स्वतःच कमाल वेगाजवळ पोहोचत असल्याने हाताने मिळणारी वाढही पूर्वीपेक्षा कमी असते. 'के' प्रोसेसर, 'झेड' मदरबोर्ड आणि वेगळा शीतक यांचा जादा खर्च एकत्र केल्यास त्याच रकमेत वरच्या श्रेणीचा साधा प्रोसेसर मिळू शकतो. मग ओव्हरक्लॉकिंगचा आर्थिक लाभ उरत नाही. उष्ण प्रदेशात अंडरव्होल्टिंग, म्हणजे वेग कायम ठेवून व्होल्टेज किंचित कमी करणे, हा पर्याय अनेकदा अधिक लाभदायक ठरतो. त्याने तापमान उतरते, टर्बो वेग अधिक काळ टिकतो आणि त्यासाठी जादा भाग घ्यावे लागत नाहीत.

हे सुद्धा पहा

प्रोसेसर
मदरबोर्ड
यूपीएस
सांगोला