अल्फाव्हिलची मतपेटी कोणाकडे होती?

आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पहिलं भांडण उमेदवारावरून होत नाही, मतदार यादीवरून होतं. पुण्याला जाऊन दहा वर्षं झाली तरी याचं नाव इथं कसं, त्या एका घरात एकदम सहा मतदार कुठून आले, वगैरे. कुंभार पिंपळगावच्या पारावर असल्या गप्पा ऐकत मी मोठा झालो. पुढे इंजिनिअर झालो, ऑनलाइन खेळांमधल्या निवडणुकांचा इतिहास वाचायला लागलो, तर तिथंही भांडण यादीचंच निघालं. आणि मतपेटीचं.

सुरुवात बरीच जुनी आहे. लुकासफिल्मचा 'हॅबिटॅट' हा खेळ १९८६ च्या सुमारास कमोडोर ६४ संगणकावर, फोनच्या तारेतून चालायचा. त्यात खेळाडू एकमेकांना लुटू शकत, मारूही शकत. वैतागलेल्या लोकांनी प्रचार आणि जाहीर वादविवाद करून एक शेरीफ निवडला. मग प्रश्न आला, की शेरीफनं करायचं काय? त्याला अधिकार द्यायचे तर ते कोडमध्ये लिहावे लागणार, आणि कोड कंपनीकडे. माणूस आधी निवडला, पदाचा अर्थ नंतर शोधत बसले.

२००३ मध्ये आलेल्या 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'नं हा घोळ टाळायचा प्रयत्न केला. त्यात खेळाडू नगरभवन उभारून स्वतःचं शहर वसवत, कर लावत आणि दर तीन आठवड्यांनी महापौर निवडत. (तीन आठवडे! आमच्याकडे तेवढ्यात बॅनरसुद्धा उतरत नाहीत.) ज्यानं आपलं घर शहरात 'निवास' म्हणून नोंदवलं तो मतदार. पण नोंद माणसाची नव्हती, पात्राची होती. दोन खात्यांचे पैसे भरणाऱ्याला दोन मतं. खेळ सोडून गेलेल्याच्या घराचा देखभाल खर्च आगाऊ भरलेला असला, की तो गेला तरी नागरिक म्हणून मोजला जायचा आणि शहराचा दर्जा टिकवायचा. पुण्याला गेलेल्याचं नाव गावच्या यादीत राहतं, त्यातलाच प्रकार.

तरी खरा तंटा बघायचा तर अल्फाव्हिलचा. 'द सिम्स ऑनलाइन' हा खेळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनं डिसेंबर २००२ मध्ये आणला, आणि अल्फाव्हिल हे त्यातलं सर्वात मोठं शहर. तिथल्या खेळाडूंनी आपलं आपणच सरकार स्थापलं होतं. कंपनीच्या लेखी त्याला काडीचं स्थान नव्हतं. २००४ मध्ये त्या सरकारच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एकीकडे 'मिस्टर-प्रेसिडेंट' या नावानं खेळणारा तरुण, दुसरीकडे फ्लोरिडातली १४ वर्षांची मुलगी. अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओनंसुद्धा दखल घेतली. निकाल लागला ४६९ विरुद्ध ४११, मुलगी हरली.

तिच्या बाजूच्या लोकांची तक्रार होती, की आपल्यातल्या कित्येकांना मत देताच आलं नाही. शिवाय मतदानाच्या यंत्रणेत खेळातल्या 'माफिया' टोळीच्या म्होरक्याचा हात असल्याचा आरोप झाला. शहराचं वर्तमानपत्र, 'अल्फाव्हिल हेरल्ड', चालवणारे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पीटर लडलो यांचं खातं कंपनीनं आधीच, डिसेंबर २००३ मध्ये, बंद केलं होतं. म्हणजे वार्ताहर तडीपार, कोर्ट नाही आणि मतपेटीवर संशय.

या तक्रारी वाचताना माझं लक्ष तंत्राकडे गेलं. एका माणसाला एकच मत, हे वेबपान ठरवणार कसं? आयपी पत्ता बघावा, तर एका जोडणीवरचं सगळं हॉस्टेल एकच मतदार ठरतं. ब्राउझरमधली खूण बघावी, तर ती पुसून हवी तेवढी मतं टाकता येतात. म्हणजे नियम लिहिणाऱ्यानं कुठला दोष पत्करला, त्यावर निकाल फिरू शकतो. ५८ कुणाची इकडं किंवा तिकडं असतील, हे मतपेटी ठेवणाऱ्याशिवाय कोण सांगणार?

आपल्याकडे निदान दाद मागायला जागा आहे. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निकालानंतर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. वरचे नियम मात्र आपल्याकडेही पॅच आल्यासारखे बदलतात. सरपंच २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. तरी न्यायाधीश उमेदवाराचा नसतो. 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये २००८ पासून खेळाडूंचं निवडून आलेलं मंडळ आहे. २०१९ मध्ये त्यातल्या एका सदस्याला गुप्त माहिती फोडल्याच्या आरोपावरून कंपनीनं काढून टाकलं आणि काही आठवड्यांनी स्वतःच निर्दोष ठरवलं. आरोपही तिचाच, निकालही तिचाच.

मी हे तटस्थपणे लिहितोय असं वाटत असेल तर एक सांगून टाकतो. कॉलेजात हॉस्टेलवर आमचा माइनक्राफ्टचा सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर चालायचा. आम्ही वसवलेल्या शहराचा महापौर निवडायचं ठरलं. मतदानाची स्क्रिप्ट मीच लिहिली. कोणी कोणाला मत दिलं, ते साध्या टेक्स्ट फाईलमध्ये नावासकट साठत होतं. मतदान निम्म्यावर असताना मी ती फाईल उघडली आणि माझ्या रूममेटला सांगितलं, की तू मागे आहेस. त्यानं झोपलेली तीन पोरं उठवून मत द्यायला लावलं. दुसरा उमेदवार, शेजारच्या तालुक्यातला माझा मित्र, दोन मतांनी पडला. त्यानं फाईल मागितली तर मी म्हणालो, डिलीट झाली.

'सिम्स ऑनलाइन' १ ऑगस्ट २००८ ला बंद पडला, 'गॅलक्सीज' १५ डिसेंबर २०११ ला. सगळी शहरं, महापौर, याद्या एका रात्रीत संपल्या. आमचा सर्व्हरही परीक्षेच्या सुमारास बंद झाला.

तो मित्र मागच्या ग्रामपंचायतीला त्याच्या गावात मतदान प्रतिनिधी म्हणून यादी घेऊन दिवसभर केंद्रावर बसला होता. संध्याकाळी भेटलो. दुबार नावांचे किस्से सांगून झाल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती फाईल खरंच डिलीट झाली होती का रे?"

हार्ड डिस्क अजून कपाटात आहे. मी दोन चहा सांगितले.