बॅबिलॉन ५ : इन द बिगिनिंग

बॅबिलॉन ५ : इन द बिगिनिंग : अमेरिकन विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी चित्रपट. ‘बॅबिलॉन ५’ (१९९४–९८) या मालिकेची पूर्वकथा. टीएनटी या अमेरिकन केबल वाहिनीवरून ४ जानेवारी १९९८ रोजी प्रथम प्रसारित. लेखक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की, दिग्दर्शक मायकेल व्हेजार, संगीतकार क्रिस्टोफर फ्रँक. अवधी सुमारे दीड तास. मालिकेतील घटनांच्या सुमारे दहा वर्षे आधी पृथ्वीवासी आणि मिनबारी या परग्रहवासी जमातीत झालेले युद्ध (२२४५–४८) हा याचा विषय आहे.

पार्श्वभूमी : ‘बॅबिलॉन ५’ ही पाच हंगामांची, ११० भागांची मालिका. तेविसाव्या शतकाच्या मध्यावर पाच मैल लांबीच्या एका अवकाशस्थानकात माणसे आणि परग्रहवासी मिळून अडीच लाखांची वस्ती राहते. निरनिराळ्या सत्तांचे राजदूत तेथे एकत्र येतात, भांडतात आणि युद्ध टाळण्याचा प्रयत्न करतात, अशी तिची मांडणी आहे. त्या काळच्या अमेरिकन विज्ञानमालिकांत दर आठवड्याची गोष्ट सहसा त्याच भागात संपत असे. स्ट्राझिन्स्की यांनी मात्र आरंभ, मध्य आणि शेवट आधी ठरवून पाच वर्षांची एक सलग कादंबरी पडद्यावर लिहावी तशी ही मालिका रचली. ११० पैकी ९२ भाग त्यांनी स्वतः लिहिले.

मालिकेचा पायाच एका भूतकाळातील कोड्यावर उभा होता. मिनबारींची आरमारी ताकद पृथ्वीपेक्षा कितीतरी पटींनी मोठी होती. ते पृथ्वीच्या दाराशी येऊन ठेपले होते आणि विजय हाताच्या अंतरावर होता. त्याच क्षणी त्यांनी शरणागती का पत्करली? मालिकेचा पहिला नायक जेफ्री सिंक्लेअर याला त्या लढाईतले २४ तास आठवत नाहीत. या कोड्याची उत्तरे चार हंगामांत तुकड्यातुकड्यांनी, कधी स्वप्नातून, कधी कबुलीजबाबातून दिली गेली. ‘इन द बिगिनिंग’मध्ये हे विखुरलेले तुकडे पहिल्यांदा कालक्रमाने एकत्र आले.

निर्मिती : मालिकेचे पहिले चार हंगाम पीटीईएन या वॉर्नर ब्रदर्सच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्थानक-समूहावरून दाखवले गेले. १९९७ मध्ये हा समूह मोडकळीला आला आणि पाचवा हंगाम निघेल की नाही याची खात्री उरली नाही. स्ट्राझिन्स्की यांनी म्हणून मुख्य संघर्ष चौथ्या हंगामातच उरकून घेतले आणि मालिकेचा शेवटचा भागही चित्रित करून ठेवला. त्यानंतर टीएनटीने पाचवा हंगाम आणि दूरचित्रवाणी चित्रपट यांची मागणी नोंदवली. तयार असलेला शेवटचा भाग मागे ठेवण्यात आला आणि तो २५ नोव्हेंबर १९९८ रोजी प्रसारित झाला.

टीएनटीला जुन्या भागांचे पुनःप्रसारणही करायचे होते. मालिका मधूनच पाहणाऱ्या नव्या प्रेक्षकाला तिच्या जगाची ओळख व्हावी, या हेतूने पूर्वकथापटाची योजना झाली. त्याच रात्री मालिकेचा १९९३ चा प्रायोगिक चित्रपट ‘द गॅदरिंग’ नव्याने संकलित करून आणि फ्रँक यांचे नवे संगीत देऊन दाखवण्यात आला. पाचवा हंगाम २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला.

मालिकेचे चित्रीकरण लॉस एंजेलिसमधील सन व्हॅली भागात उभारलेल्या नेपथ्यावर होत असे. अवकाशातली दृश्ये प्रतिकृतींऐवजी संगणकावर रचण्याचा पायंडा या मालिकेने प्रायोगिक चित्रपटापासूनच पाडला होता. पूर्वकथापटातील नौकांच्या ताफ्यांच्या लढाया त्याच पद्धतीने घडवलेल्या आहेत. मालिकेतील जुनी दृश्येही यात मोठ्या प्रमाणावर विणलेली आहेत. सिंक्लेअरची भूमिका करणारे मायकेल ओ’हेअर यांचे दर्शन तर केवळ अशा संग्रहित दृश्यांतूनच होते.

कथानक : कथा एका चौकटीत बसवलेली आहे. इ. स. २२७८. सेंटॉरी साम्राज्याची राजधानी जळते आहे आणि वृद्ध सम्राट लाँडो मोलारी राजवाड्यात एकटा बसला आहे. वाड्यात आलेल्या दोन मुलांना तो तरुणपणी पाहिलेल्या एका युद्धाची हकीगत सांगू लागतो.

डिलगार या आक्रमक जमातीविरुद्धच्या युद्धात विजय मिळाल्याने पृथ्वीच्या सेनाधिकाऱ्यांचा आत्मविश्वास वाढलेला असतो. मिनबारींच्या वाटेला जाऊ नका, असा सल्ला सेंटॉरी वकिलातीतला लाँडो देतो, पण तो मानला जात नाही. कॅप्टन जँकोव्स्कीच्या हाताखाली ‘प्रोमिथिअस’ ही नौका टेहळणीसाठी पाठवली जाते. या मोहिमेत दुय्यम अधिकारी म्हणून जाण्याची संधी मालिकेचा पुढचा नायक जॉन शेरिडन नाकारतो, कारण जँकोव्स्कीच्या उतावळेपणाची त्याला कल्पना असते.

मिनबारी नौका समोर येते ती तोफांची झाकणे उघडी ठेवून. मिनबारी योद्ध्यांच्या रिवाजात हा आदराचा संकेत आहे. माणसांच्या नजरेला मात्र तो हल्ल्याचा पवित्रा वाटतो. त्यातच मिनबारी नौकेच्या शोधयंत्रणेमुळे ‘प्रोमिथिअस’ची निसटण्याची यंत्रणा बंद पडते. माणसे गोळीबार करतात. त्यात मिनबारींचा श्रेष्ठ नेता ड्युकाट मारला जातो. मिनबारींच्या नऊ जणांच्या ग्रे कौन्सिल या शासक मंडळात सूड घ्यावा की थांबावे यावर मते दुभंगतात. ड्युकाटची शिष्या डेलेन शोकाच्या भरात निर्णायक मत देते आणि मानवजातीच्या संहाराचे युद्ध सुरू होते.

पृथ्वीच्या शस्त्रांना मिनबारी नौकांवर नेमच धरता येत नाही, म्हणून एकामागून एक वसाहती पडतात. नार्न या दुसऱ्या परग्रहवासी जमातीचा जकार पृथ्वीला शस्त्रे विकतो. एकमेव मोठे यश शेरिडनच्या नावावर जमा होते. लघुग्रहांच्या पट्ट्यात अणुसुरुंग पेरून आणि संकटाचा खोटा संदेश देऊन तो मिनबारींची ‘ब्लॅक स्टार’ ही अग्रनौका उडवतो. पुढे समेटाची एक गुप्त भेट ठरते. शेरिडन, डॉक्टर फ्रँकलिन, जकार आणि मिनबारी नेता लेनॉन तिला उपस्थित असतात. हा शस्त्रांचा सौदा असावा असा लाँडोचा चुकीचा समज होतो आणि त्याच्या सांगण्यावरून सेंटॉरी त्या जागेवर बाँबहल्ला करतात. शांततेची उरलेली वाट अशा रीतीने बंद होते.

अखेरची लढाई पृथ्वीपाशी होते. पळून जाणाऱ्या नौकांना थोडा अधिक वेळ मिळावा, एवढ्यासाठीच माणसे मरणाची रांग धरतात. मालिकेतील उल्लेखानुसार या ‘लाइन’वर उभ्या राहिलेल्या वीस हजारांतले सुमारे दोनशे जगले. त्यांतला एक वैमानिक, सिंक्लेअर, चौकशीसाठी पकडला जातो. त्याच्या ठायी मिनबारींचा हजार वर्षांपूर्वीचा आदिपुरुष व्हॅलेन याचा आत्मा आहे, असे परीक्षेत आढळते. मिनबारी मिनबारीला मारत नाही, हा त्यांचा धर्म. त्यामुळे कारण गुप्त ठेवून ते शरण येतात. असे युद्ध पुन्हा होऊ नये म्हणून बॅबिलॉन प्रकल्पाची कल्पना पुढे येते. चौकटीची कथा शेवटी मालिकेच्या तिसऱ्या हंगामात दिसलेल्या लाँडोच्या भविष्याशी येऊन मिळते.

कलावंत : लाँडोच्या भूमिकेत पीटर ज्युरासिक आहेत. एकाच चित्रपटात खुशालचेंडू दरबारी आणि पश्चात्तापाने खचलेला सम्राट अशी दोन्ही वये ते निभावतात. चित्रपटाची लय त्यांच्या आवाजावर चालते. डेलेनच्या भूमिकेत मिरा फुर्लान आहेत. या क्रोएशियन अभिनेत्रीने यूगोस्लाव्हियातील यादवीच्या काळात, १९९१ मध्ये, देश सोडला होता. सूडाच्या एका शब्दाने युद्ध पेटवून नंतर जन्मभर त्याचे प्रायश्चित्त घेणारी डेलेन त्यांनी साकारली. ब्रूस बॉक्सलायटनर (शेरिडन), आंद्रेयास कात्सुलास (जकार) आणि रिचर्ड बिग्ज (फ्रँकलिन) हे मालिकेतलेच नट आपापल्या भूमिकांत आहेत. ड्युकाट राइनर शोने यांनी, तर लेनॉन थिओडोर बिकेल यांनी रंगवला आहे. बिकेल यांनी १९५९ मध्ये ब्रॉडवेवरील ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या मूळ प्रयोगात कॅप्टन फॉन ट्रॅपची भूमिका केली होती. संगीतकार फ्रँक हे ‘टँजरिन ड्रीम’ या जर्मन इलेक्ट्रॉनिक वाद्यवृंदाचे माजी सदस्य होत.

स्वरूप व मूल्यमापन : पूर्वकथेपुढची नेहमीची अडचण म्हणजे शेवट आधीच ठाऊक असतो. पृथ्वी वाचणार, शेरिडन आणि डेलेन जगणार, हे प्रेक्षक जाणून असतो. स्ट्राझिन्स्की यांनी म्हणूनच कुतूहलाचा भर ‘पुढे काय होणार’ यावर न ठेवता ‘हे टळले असते का’ या प्रश्नावर ठेवला. उघडी झाकणे, न ऐकलेला सल्ला, शोकात दिलेले मत, चुकीच्या तर्काने झालेला बाँबहल्ला अशा प्रत्येक वळणावर युद्ध थांबवता आले असते. यात कोणी खलपुरुष नाही. अनर्थ घडतो तो गैरसमज, अहंकार आणि दुःख यांतून. गोष्ट सांगणारा लाँडोही निर्दोष नाही. शांतिभेट उधळण्यात त्याचा हात होता आणि त्याची राजधानी आज जळते आहे. त्यामुळे त्याच्या कथनाला आपोआप कबुलीचे रूप येते.

चित्रपटाच्या उणिवाही याच रचनेतून आल्या आहेत. तीन वर्षांचे युद्ध दीड तासात बसवताना अनेक प्रसंग निवेदनानेच पुढे ढकलले जातात. जुन्या दृश्यांचे ठिगळ जाणवते. मालिकेतल्या जवळपास प्रत्येक प्रमुख पात्राची युद्धात कोठेतरी गाठ घालून देण्याचा सोस काही ठिकाणी योगायोगाला ताण देतो.

प्रभाव व पुढील कृती : चित्रपटाचे कादंबरीरूप पीटर डेव्हिड यांनी लिहिले आणि ते डेल रे प्रकाशनाने १९९८ मध्ये काढले. याच मालिकेवर आधारलेले ‘थर्डस्पेस’ (१९९८), ‘द रिव्हर ऑफ सोल्स’ (१९९८), ‘अ कॉल टू आर्म्स’ (१९९९) आणि ‘द लेजंड ऑफ द रेंजर्स’ (२००२) हे दूरचित्रवाणी चित्रपट पुढे आले. २०२३ मध्ये ‘द रोड होम’ हा सचेतपट प्रकाशित झाला.

हा चित्रपट मालिकेच्या आधी पाहावा की नंतर, हा चाहत्यांमधला जुना वाद आहे. नव्या प्रेक्षकांसाठी दार म्हणून तो बांधला गेला खरा, पण त्या दारातून शिरणाऱ्याला सिंक्लेअरच्या हरवलेल्या २४ तासांचे आणि मिनबारींच्या शरणागतीचे रहस्य उंबरठ्यावरच कळते, आणि पहिल्या दोन हंगामांचे मुख्य कुतूहल संपते. चार हंगाम पाहिलेल्यालाच डेलेनच्या त्या एका मताचे वजन पुरेपूर कळते. मूळ प्रसारणाचा क्रमही चौथ्या हंगामानंतर आणि पाचव्याच्या आधी असाच होता.